रवण कधीपर्यंत घालावं? सावर, पळस, पांगारा, बहावा यांच्यावरून वेळ ओळखणे

परडेकरीण

उन्हाळ्यात रवण घालू नये (म्हणजे पिलं काढायला कोंबडी अंड्यांवर बसवू नये), पिलं जगत नाहीत, हे कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. पण उन्हाळा नेमका कधीपासून धरायचा? होळीपासून धरावा तर होळी एका जागी राहत नाही. २०२४ साली ती २४ मार्चला होती, २०२६ साली मार्चच्या पहिल्याच आठवड्यात. मध्ये तीन आठवड्यांचा फरक, म्हणजे एक अख्खं रवण.

त्यापेक्षा झाडं बघावीत असं माझं मत आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या बाजूचा हिशोब मांडते. काटेसावरीची फुलं जमिनीवर पडायला लागली (साधारण फेब्रुवारी) की खुडूक झालेली (अंडी उबवायला बसून राहणारी) कोंबडी लगेच बसवावी. पळस-पांगारा भरात असेपर्यंत चालतं. बहाव्याला पिवळे घोस लोंबायला लागले की थांबावं.

कारण ऊन नाही, पाऊस आहे. २० फेब्रुवारीला अंडी ठेवली तर १३ मार्चला पिलं. ७ जूनच्या सुमारास पाऊस आला तर पिलं १२ आठवड्यांची, अंगभर पिसं आलेली. २० मार्चला ठेवली तर तीच ८ आठवड्यांची, तीही निभावतात. १० एप्रिलला ठेवली तर १ मेला पिलं आणि पहिल्या पावसात जेमतेम ५ आठवड्यांची. ओल्या खुराड्यात थंडीने आणि हगवणीने जातात ती हीच.

तुमच्या भागात कुठलं फूल बघून ठरवता?

सावरबोंड

+१. सावरीचा आणखी एक उपयोग. पडलेलं फूल हातात घेऊन बघा: पाच जाड, मांसल पाकळ्या, मध्ये पुंकेसरांचा झुबका आणि बुडाशी वाटीसारखा खोलगट भाग. त्या वाटीत मध उरलेला असतो आणि मुंग्या भरलेल्या असतात. कोंबडी फूल चोचीत धरून झटकते, मुंग्या सांडतात, त्या टिपते, मग पाकळीचे लचके तोडते. झाडाखाली तासभर कोंबड्या सोडल्या तर त्यांचं अर्धं खाणं तिथेच होतं.

वऱ्हाडी_पळस

परडेकरीणताई, तुमचा हिशोब कोकणापुरता बरोबर आहे. आमच्याकडे नागपूर-चंद्रपूर पट्ट्यात पळस मार्च संपेपर्यंत लालभडक असतो. त्याच्या भरवशावर राहिलं तर २० मार्चचं रवण १० एप्रिलला फुटणार आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत पारा ४२-४३ वर. इथे पावसाच्या आधी ऊनच मारतं, आणि पिलांच्याही आधी अंड्याला.

अंड्यातला जीव कोंबडी बसल्यावरच वाढायला लागतो असं नाही. साधारण २१ ते २४ अंशांच्या वर तो सावकाश जागा होतो. ३५ अंशांच्या खोलीत चार-पाच दिवस ठेवलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढतो आणि रवणाला ठेवायच्या आधीच मरतो. लोक म्हणतात अंडी 'वांझ' निघाली. ती वांझ नसतात, साठवणीत मेलेली असतात.

म्हणून आमच्याकडे पळसाला पहिली कळी दिसली की अंडी साचवायला घ्यावी, आणि झाड पूर्ण फुललं की रवण बंद.

नवखा_शेतकरी

साचवायची कशी आणि किती दिवस? फ्रिजमध्ये चालतील का? एका गावठी कोंबडीखाली किती अंडी ठेवावीत? एकदम सगळे प्रश्न विचारतोय, कारण कोंबडी कालपासून उठत नाहीये.

तांबडं_फुटलं

नवखा, क्रमाने सांगतो.

फ्रिज नको. आत ४-५ अंश असतात, ते फार गार. १५ ते १८ अंश उत्तम. त्यासाठी रुंद तोंडाचं मातीचं मडकं घ्या, ओल्या वाळूच्या पाटीत निम्मं पुरा, आत कोरडा भुसा घाला, तोंडावर सुती फडकं बांधा. वाळूला सकाळ-संध्याकाळ पाणी. अंडी निमुळतं टोक खाली करून ठेवायची, कारण बोथट टोकाला हवेची पोकळी असते आणि ती वरच राहायला हवी. थंडीत ७ दिवसांपर्यंतची अंडी घेता येतात, मार्चमध्ये ४-५ दिवसांच्या वरचं घेऊ नका. प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख. अंडी दिवसातून दोनदा गोळा करा, दुपारच्या खुराड्यात राहू देऊ नका.

धुऊ नयेत. धुतलं की कवचावरचा संरक्षक थर जातो आणि घाण छिद्रांतून आत शिरते. विष्ठा लागलेलं अंडं खायला वापरा. फार मोठं, फार लहान, खरखरीत, तडा गेलेलं हेही बाजूला.

गावठी कोंबडीखाली १० ते १२. पंख पसरून बसल्यावर एकही अंडं बाहेर डोकावता कामा नये. १५-१६ कोंबली तर कडेची रोज बदलत राहतात, आज हे गार तर उद्या ते, आणि शेवटी १२ मधून मिळाली असती त्यापेक्षा कमी पिलं निघतात.

आता टोपली. बांबूची, दीड फूट व्यासाची. तळाला तीन-चार बोटं माती किंवा वाळू, तिला मध्ये किंचित खोलगट करा म्हणजे अंडी आपोआप मध्यात सरकतात. वर भाताचा पेंढा किंवा मऊ वाळलेलं गवत. पेंढ्याच्या खाली मूठभर राख आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला. सोबत निरगुडी घातली तरी चांगलं. जागा अंधारी, वारा न लागणारी, इतर कोंबड्यांपासून वेगळी. नाहीतर दुसऱ्या कोंबड्या त्याच टोपलीत अंडी घालतात आणि कुठलं अंडं कधीचं हे कळेनासं होतं.

पहिले दोन दिवस तिच्याखाली खोटी अंडी ठेवा (खडूची, किंवा गुळगुळीत गोटे). टिकून बसली तर खरी अंडी ठेवा, तीही तिन्हीसांजेला, सगळी एकाच वेळी. म्हणजे पिलं एकाच दिवशी निघतील.

नवखा_शेतकरी

खूप आभार. खडू आणला.

माळरान

धाग्याच्या नावात फुलं आहेत म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. या दिवसांत पडीक रानात आणि गव्हा-हरभऱ्याच्या बांधावर पिवळा धोतरा फुलतो. पानं काटेरी, निळसर हिरवी, त्यांवर पांढऱ्या रेषा. फूल लिंबाच्या रंगाचं, देठ तोडला की पिवळा चीक. फूल दिसायला सुरेख, पण त्याच्या बोंडातलं बी काळं, गोल, हुबेहूब मोहरीसारखं आणि विषारी. मोहरीच्या तेलात याची भेसळ झाली की माणसांना अंगावर सूज येणारा रोग होतो.

कोंबड्यांना ते कसं मिळतं? हिरवं झुडूप त्या खात नाहीत. गव्हाची मळणी झाली की खळ्यातली झाडलोट 'कोंबड्यांना टाकू' म्हणून आणली जाते, तिच्यात हे बी असतं. कोंबड्या सुस्तावतात, अंडी बंद होतात, अंगावर सूज येते. झाडलोट बारीक चाळणीने चाळून घ्या. बी गव्हापेक्षा खूप लहान, खाली पडतं. ते जाळून टाका, उकिरड्यावर नको.

तसंच खुळखुळ्याचं. पिवळी फुलं, वाळल्यावर वाजणाऱ्या शेंगा. बी कोंबडीच्या यकृताला घातक. पोरं खेळायला शेंगा आणतात आणि अंगणात फोडतात, तेवढं बघा.

फाल्गुनफुले

@माळरान, फार मोलाची माहिती. कण्हेर, रुई, घाणेरी यांचं काय? आमच्या कुंपणालाच घाणेरी आहे. आणि गिरिपुष्प? आत्ता पानं गळून नुसती गुलाबी फुलं आहेत आणि त्याचा सडा पडतोय.

माळरान

मोकळ्या फिरणाऱ्या, पोट भरलेल्या कोंबड्या यांतलं बहुतेक टाळतात. बिघडतं ते दोन वेळा. एक, कोंबड्या कोंडून ठेवल्या आणि हिरवं म्हणून जो मिळेल तो पाला चिरून खाद्यात मिसळला. चिरलेल्यातून त्यांना निवडता येत नाही. दोन, उपाशी पिलं.

कण्हेर (लाल, पांढरी, पिवळी, तिन्ही) खुराड्याजवळ नकोच. घाणेरीची कच्ची हिरवी फळं विषारी, म्हणून पिलं फिरतात तेवढ्या भागातली छाटून टाका. गिरिपुष्पाला उंदीरमारी म्हणतात ते उगीच नाही, साल आणि बिया उंदरांना मारायला वापरत आले आहेत. त्याचा पाला खाद्यात घालू नका, पण कुंपण काढायचीही गरज नाही.

बिनधास्त देता येईल असं: शेवग्याचा पाला आणि गळालेली फुलं, घोळ, पाथरी, चाकवत, अंबाडी, कोथिंबिरीच्या काड्या. हिरवा पाला भरपूर मिळाला की बलक गर्द पिवळा होतो. तो रंग पाल्यातल्या पिवळ्या रंगद्रव्याचा असतो, अंड्याच्या ताकदीचा पुरावा नव्हे.

करवंदाची_जाळी

सावर, पळस, पांगारा फुलतात तेव्हा त्यांच्या अंगावर पान नसतं, हे कुणी लक्षात घेतलं नाही. म्हणजे वर आडोसा नाही. आणि घारींची पिलं घरट्यात असण्याचे हेच दिवस, त्यामुळे घार आणि शिक्रा परसात वारंवार येतात. पिलं जातात ती सकाळी ८ ते ११ मध्ये, उघड्या अंगणात.

यावर कोकणात आणि घाटमाथ्यावर सगळ्यात चांगलं आवरण म्हणजे करवंदाची जाळी. बारमाही हिरवी, काटेरी, बुडाला पोकळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढऱ्या फुलांनी भरते, वासाने कीटक येतात, कोंबडी पिलं घेऊन तिच्यात तासन्‌तास चरते. कुंपण करताना लोक ही जाळी तोडतात आणि नंतर वर नायलॉनची जाळी बांधतात. तोडू नका.

दोष एकच, मुंगूस आणि सापही तिथेच. म्हणून पहिले १०-१२ दिवस पिलं डालग्याखाली (पालथ्या घातलेल्या बांबूच्या टोपलीखाली), आई बाहेर किंवा सोबत, आणि डालग्यावर दगड.

खुराड्याला षटकोनी मोठ्या भोकांची जाळी असेल तर धामण सहज आत येते. अर्ध्या इंचाची चौकोनी वेल्डेड जाळी लावा आणि ती जमिनीत एक फूट गाडा. मुंगूस खालून उकरतो.

वऱ्हाडी_पळस

+१. त्यात भर: मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, आणि आग पसरली की बांधावरच्या जाळ्या, गवत, त्यातले किडे सगळं जातं. झाडाखाली जुन्या साड्या किंवा जाळी अंथरली तर पेटवावं लागत नाही, फुलंही स्वच्छ मिळतात. कोंबड्यांचं उन्हाळ्यातलं अर्धं अन्न त्या पाचोळ्यात असतं.

नवखा_शेतकरी

जंगलाच्या कडेला रानकोंबडीची अंडी सापडतात म्हणे. ती हिच्याखाली ठेवली तर?

पशुवैद्य_घाटमाथा

नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली तो गुन्हा आहे, आणि सापडलेलं घरटं सोडून दिलेलं असतं असंही नाही. आई चरायला गेलेली असते.

रानकोंबडीचं देणं मात्र तुमच्या परसात आधीच आहे. पाळीव कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्यापासून आली, पण तिच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग सह्याद्रीत आरवणाऱ्या राखाडी रानकोंबड्याकडून आलेला आहे, असं २००८ साली जनुकीय अभ्यासातून दिसलं.

आता कामाचं. रवणातली कोंबडी मध्येच उठून गेली तर तिला दोष देण्याआधी रात्री बॅटरी घेऊन खुराड्याच्या फटी बघा. कोंबडीची गोचीड दिवसा फटीत लपते आणि रात्री रक्त पिते. तुरा फिका पडलेला, कोंबडी हलकी लागते, पंखांखाली उवा. उपाय: टोपली आणि पेंढा बदला, फटींत उकळतं पाणी ओता, सुकल्यावर चुना मारा. बसलेल्या कोंबडीच्या अंगावर मनाने कीटकनाशक पावडर टाकू नका, आधी जवळच्या दवाखान्यात विचारा.

ती दिवसातून एकदा १५-२० मिनिटं उठायला हवी. खाणं (ज्वारी, मका असं कोरडं धान्य), पाणी, आणि राख-मातीत लोळायची जागा चार-पाच पावलांवर ठेवा. उठत नसेल तर हलकेच उचलून बाहेर ठेवा, पण आधी पंखांखाली हात घालून अंडं अडकलेलं नाही ना ते बघा.

सातव्या रात्री अंडी तपासा. पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडा, मागे मोबाईलचा टॉर्च, बोथट टोक भोकावर. जिवंत अंड्यात मध्ये काळा ठिपका आणि त्याच्या चहूबाजूंनी कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसतात. काहीच नसेल तर फळलेलं नाही. नुसतं लाल कडं दिसलं तर गर्भ मेला. ही दोन्ही काढून टाका, नाहीतर पुढे कुजून फुटतात आणि बाकीची नासवतात. १४ व्या रात्री पुन्हा एकदा. १८ व्या दिवसानंतर हात लावू नका.

निम्म्याहून अधिक अंडी फळलेली नसतील तर कोंबडा बघा. ८ ते १० कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो.

फाल्गुनफुले

थोडं विषयांतर. पळसाचा विषय निघालाच आहे तर रंगपंचमीसाठी: चार मुठी पाकळ्या, दोन लिटर पाणी, २० मिनिटं उकळायचं, रात्रभर झाकून ठेवायचं, गाळायचं. केशरी पिवळा रंग येतो. चिमूटभर खायचा चुना घातला की तो गडद केशरी होतो. झाडावरची ओरबाडू नका, खाली पडलेली ताजी फुलं पुरतात.

सावरबोंड

छान! चुन्याचं माहीत नव्हतं.

काजूबाग

आंबा-काजूवाल्यांनी एक ध्यानात घ्या. मोहोराला फवारणी होते तो काळ आणि रवणाचा काळ एकच. फवारणीनंतर मेलेले तुडतुडे, मुंग्या, माश्या झाडाखाली पडतात आणि कोंबड्या त्या वेचतात. फवारणी सकाळी असेल तर कोंबड्या आदल्या संध्याकाळपासून कोंडाव्यात, पाण्याची भांडी झाकावीत आणि आठवडाभर तरी त्या झाडांखाली सोडू नये. शेजारच्या बागेत फवारणी कधी आहे हे आधी विचारून ठेवा, वारा तुमच्याकडे येतो.

परडेकरीण

काजूबाग, हे मूळ पोस्टमध्ये यायला हवं होतं. धन्यवाद.

पिलं निघाल्यानंतरच्या लसींचं वेळापत्रक कुणी नीट लिहील का? मानमोडीने (राणीखेत रोगाने) एका आठवड्यात गाव रिकामं होतं.

पशुवैद्य_घाटमाथा

लासोटा (मानमोडीचीच लस): ५ ते ७ व्या दिवशी, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. गंबोरो (त्याच नावाच्या रोगाची लस): १४ व्या दिवशी. लासोटा पुन्हा: चौथ्या आठवड्यात. देवी: ६ ते ८ आठवड्यांत. मानमोडीची आर-टू-बी: ८ व्या आठवड्यानंतर, पंखाखाली टोचून. तुमच्या भागातल्या साथीप्रमाणे दवाखान्यातून थोडा बदल सांगतील, तो पाळा.

चूक लसीत कमी आणि नेण्यात जास्त होते. कुपी बर्फाच्या थर्मासमधून आणा, खिशातून नाही. मिसळल्यावर दोन तासांत संपवा. एका कुपीत बहुधा १०० मात्रा असतात, तुमची पिलं ११. म्हणून पाच-सहा घरांनी रवणं एकाच आठवड्यात ठेवली तर एक कुपी सगळ्यांना पुरते. परडेकरीणताईंची फुलांची युक्ती इथे कामाची आहे. 'सावर पडायला लागली' हे सगळ्या वाडीला एकाच वेळी दिसतं.

तांबडं_फुटलं

पिलांचं पहिल्या आठवड्यातलं: पाण्याचं भांडं उथळ आणि त्यात गोटे, नाहीतर पिलू बुडतं. खायला तांदळाची कणी, बारीक भरडलेला मका, नाचणी, आणि मिळालं तर स्टार्टर खाद्य. प्रथिनासाठी वाळवी उत्तम. जुन्या मडक्यात शेण, ओलं गवत, गोणपाटाचे तुकडे भरून संध्याकाळी वारुळाजवळ पालथं घाला, सकाळी झटकून घ्या. पिलांना पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंशांची ऊब लागते आणि दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करता येते. मार्चमध्ये दिवसा ती हवेतच असते, रात्री आई देते. बल्ब लागत नाही. वसंतातल्या रवणाचा हा मोठा फायदा.

गिरिराज, वनराज या सुधारित जाती पाळणाऱ्यांसाठी: त्या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. त्यांची अंडी गावठीखालीच ठेवावी लागतात, आणि आकाराने मोठी असल्याने १२ ऐवजी ८-९ च.

वऱ्हाडी_पळस

मूळ प्रश्नाकडे येतो. बहाव्याबद्दल आमच्याकडेही म्हणतात की तो फुलला की दीड महिन्यात पाऊस. ते धरलं तर बहाव्याच्या दिवशी ठेवलेल्या रवणाला २१ दिवस गेले, उरले २४. पिलं साडेतीन आठवड्यांची आणि वर पाऊस. म्हणजे 'बहावा आला की थांबा' हे कोकण आणि विदर्भ दोन्हीकडे खरं. शेवटची हद्द एकच, त्याआधी प्रत्यक्ष थांबायची वेगळी. तुमची पांगाऱ्यापर्यंत, आमची पळसाच्या पहिल्या बहरापर्यंत.

आणि विदर्भात उशीर झालाच तर टोपलीतली वाळू रोज कडेने थोडी भिजवा, अंड्यांवर पाणी नको. कोरड्या हवेत अंड्यातलं पाणी जास्त उडतं, आतला पडदा चिवट होतो आणि पिलू टोचा मारूनही त्याला चिकटून मरतं.

करवंदाची_जाळी

बहावा फुलल्यावर कोंबडी खुडूक झाली तर? ती तर बसणारच. थंड पाण्यात बुडवतात ते बरोबर आहे का?

परडेकरीण

बुडवू नका. भिजलेली कोंबडी आजारी पडते आणि सुकली की पुन्हा जाऊन बसते. तिला पोटाखाली ऊब हवी असते, ती काढून घ्यायची. बांबूच्या पट्ट्यांच्या तळाचा पिंजरा दोन विटांवर उंच ठेवा, म्हणजे खालून वारा लागेल. सावलीत, उजेडात, इतर कोंबड्या दिसतील असा. आत पेंढा अजिबात नको, खाणं-पाणी मात्र भरपूर. तीन-चार दिवसांनी संध्याकाळी सोडून बघा. टोपलीकडे न जाता इतरांबरोबर दांडीवर चढली तर खुडूक मोडली. परत बसली तर आणखी दोन दिवस पिंजऱ्यात. दोन-तीन आठवड्यांत पुन्हा अंड्यावर येते.